एका सेकंदाचा हिशेब: कोल्ट मकॉय, हाइझमन ट्रॉफी आणि अखेरच्या क्षणांतले निर्णय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा वाद नेमका कोणाविषयी आणि कोणत्या सामन्याविषयी आहे?

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास फेकणारा खेळाडू) कोल्ट मकॉय आणि ५ डिसेंबर २००९ रोजी आर्लिंग्टन येथील काउबॉइज स्टेडियममध्ये नेब्रास्काविरुद्ध झालेला बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचा (विद्यापीठ संघांच्या एका गटाचा) अंतिम सामना, हे या वादाचे दोन केंद्रबिंदू आहेत. टेक्सासने तो सामना १३-१२ असा जिंकला. विजयाची किक मारली गेली तेव्हा घड्याळात एकच सेकंद शिल्लक होता आणि तो सेकंदही आधी संपलेला व नंतर पंचांनी परत दिलेला होता. त्या रात्रीपर्यंत मकॉय हाइझमन ट्रॉफीच्या आघाडीच्या दावेदारांत गणला जात होता. आठवडाभराने, १२ डिसेंबरला, निकाल जाहीर झाला तेव्हा तो तिसरा आला. शेवटच्या चढाईत त्याने घेतलेला निर्णय योग्य होता का, आणि त्या निर्णयाने त्याची ट्रॉफी घालवली का, हे दोन प्रश्न चाहते तेव्हापासून एकत्रच विचारत आले आहेत. माझ्या मते ते वेगळे आहेत, आणि ते एकत्र केल्यामुळेच वाद मिटत नाही.

हाइझमन ट्रॉफी कोण देते आणि विजेता कसा ठरतो?

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला १९३५ पासून हा पुरस्कार दिला जातो. मतदारांत प्रामुख्याने क्रीडा पत्रकार असतात: देशाचे सहा विभाग आणि प्रत्येक विभागात १४५ मतदार, म्हणजे एकूण ८७०. त्यांच्यासोबत हयात असलेल्या माजी विजेत्यांना मताचा अधिकार असतो आणि चाहत्यांच्या कौलाला मिळून एक मत असते. प्रत्येक मतदार तीन नावे क्रमाने लिहितो. पहिल्या नावाला तीन गुण, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. गुणांची बेरीज ज्याची सर्वाधिक, तो विजेता.

ही पद्धत लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते मिळवूनही खेळाडू हरू शकतो. २००८ साली तसे घडलेही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट नव्या प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही. मतदान नियमित मोसम आणि कॉन्फरन्सचे अंतिम सामने झाल्यावर संपते. जानेवारीच्या सुमारास होणारे बाउल सामने (मोसमाअखेरचे खास सामने) आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना यांचा या मतांशी काहीही संबंध नसतो.

हा पुरस्कार क्वार्टरबॅकलाच का मिळतो?

प्रत्येक वेळी मिळत नाही, परंतु बहुतेक वेळा मिळतो. २००० ते २००९ या दहा वर्षांत आठ विजेते क्वार्टरबॅक होते. चेंडू प्रत्येक डावपेचात त्याच्या हातातून जातो, आकडे त्याच्या नावावर जमतात आणि पराभवाचे खापरही त्याच्याच डोक्यावर फुटते. टेक्सासचा इतिहास मात्र याला अपवाद आहे. त्या विद्यापीठाला हाइझमन मिळवून देणारे दोघेही, १९७७ चा अर्ल कॅम्पबेल आणि १९९८ चा रिकी विल्यम्स, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे खेळाडू) होते. २००५ मध्ये क्वार्टरबॅक व्हिन्स यंग दुसरा आला होता. म्हणजे मकॉयच्या खांद्यावर चाहत्यांची एक जुनी उधारीही होती.

नेब्रास्काविरुद्धच्या सामन्यापूर्वी मकॉयचे पारडे किती जड होते?

बरेच जड होते, मात्र त्याला आकड्यांपेक्षा कीर्तीचा आधार अधिक होता. आदल्या वर्षी, २००८ मध्ये, त्याने ७६.७ टक्के पास अचूक पोहोचवले होते आणि तो तेव्हा राष्ट्रीय विक्रम होता. २००९ चा मोसम त्या तोडीचा नव्हता. वर्षअखेरीस त्याच्या नावावर २७ टचडाउन पास (गोलक्षेत्रात गुण मिळवून देणारे पास) आणि १२ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) होते, तर २००८ मध्ये हेच आकडे ३४ आणि ८ होते. तरीही संघ अपराजित होता. क्वार्टरबॅक म्हणून सर्वाधिक विजयांचा विक्रम त्याच्या नावावर होत होता (कारकिर्दीअखेर हा आकडा ४५ वर थांबला). शिवाय २६ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, टेक्सास ए अँड एमविरुद्ध त्याने ३०४ यार्डांचे पास, चार टचडाउन पास आणि धावून १७५ यार्ड अशी कामगिरी केली होती. त्यातील ६५ यार्डांची एक धाव थेट टचडाउनपर्यंत गेली. त्या सामन्याचा निकाल ४९-३९ होता आणि त्यानंतरच्या नऊ दिवसांत मकॉयच्या नावाची चर्चा सर्वात जोरात होती.

शेवटच्या चढाईत नेमके काय घडले?

१ मिनिट ४४ सेकंद बाकी असताना नेब्रास्काच्या अ‍ॅलेक्स हेनरीने ४२ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) मारून संघाला १२-१० अशी आघाडी मिळवून दिली. नेब्रास्काचे बाराही गुण त्याच्याच चार किकचे होते, कारण त्यांच्या आक्रमणफळीला संपूर्ण सामन्यात अवघे १०६ यार्ड मिळवता आले. त्यानंतरची किकऑफ (चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे सोपवणारी किक) सीमारेषेबाहेर गेली आणि दंड म्हणून टेक्सासला स्वतःच्या ४० यार्ड रेषेवरून सुरुवात करण्याची संधी मिळाली. आघाडी घेतलेल्या संघाने अशी भेट द्यावी, याला काय म्हणावे! पुढच्याच क्षणी मकॉयने जॉर्डन शिप्लीला १९ यार्डांचा पास दिला, शिप्लीला मानेमागून कॉलर ओढून पाडल्याबद्दल आणखी १५ यार्डांचा दंड झाला आणि चेंडू नेब्रास्काच्या २६ यार्ड रेषेवर आला.

इथवर येण्यासाठी फारच थोडा वेळ गेला होता. आता टेक्सासकडे एक मिनिटाहून अधिक वेळ होता आणि किकच्या पल्ल्यात चेंडू होता. येथून पुढे संघाला एक यार्डही पुढे सरकता आले नाही. उलट चेंडू तीन यार्ड मागे, २९ यार्ड रेषेवर गेला. घड्याळ चालू राहिले. सात-आठ सेकंद उरले असताना पुढचा स्नॅप (डावपेच सुरू करणारी चेंडूफेक) झाला. एक टाइमआउट (घड्याळ थांबवण्याची संधी) अजून हाताशी होता. मकॉय चेंडू घेऊन बाजूला धावत गेला, समोर कोणी मोकळा दिसत नव्हता, आणि त्याने चेंडू उंच व लांब, थेट मैदानाबाहेर भिरकावला. चेंडू हवेत असताना घड्याळ चालूच होते. तो खाली आला तेव्हा फलकावर शून्य दिसत होते आणि नेब्रास्काचे खेळाडू मैदानात धावत सुटले होते.

पंचांनी चित्रफीत पाहिली आणि एक सेकंद परत दिला. हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांची किक मारली. चेंडू खांबांमधून गेला.

घड्याळ शून्यावर गेल्यावर सेकंद परत कसा मिळतो? नेब्रास्कावर अन्याय झाला का?

नियमाच्या दृष्टीने अन्याय झाला नाही. अपूर्ण पासनंतर घड्याळ थांबते ते चेंडू मृत झाल्याच्या क्षणी, म्हणजे तो जमिनीला किंवा मैदानाबाहेरच्या एखाद्या वस्तूला लागला त्या क्षणी. घड्याळ चालवणाऱ्या माणसाला ते पाहून बटण दाबावे लागते आणि त्यात माणसाच्या प्रतिक्रियेचा विलंब असतोच. चित्रफितीत चेंडू बाहेर आदळला तेव्हा एक सेकंद दिसत होता, म्हणून तो परत देण्यात आला. सामन्याच्या प्रत्येक अर्धाच्या शेवटी अशी तपासणी करण्याची मुभा तेव्हाच्या नियमांत होती. पुढे २०१३ पासून ती प्रत्येक चतुर्थांशाच्या शेवटी देण्यात आली.

नेब्रास्काच्या चाहत्यांचा आक्षेप थोडा वेगळा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साठ मिनिटांच्या सामन्यात असा निम्मा-पाऊण सेकंद कितीतरी वेळा इकडेतिकडे होतो आणि तो कोणी मोजत नाही. मग मोजणी फक्त शेवटी, आणि तीही टेक्सासच्या भूमीवर, टेक्सासच्या फायद्याची का? याचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की शेवटचा सेकंद मोजता येतो आणि मधले मोजले जात नाहीत. धावबादचा निर्णय तिसऱ्या पंचाकडे जातो, पण त्या काळी त्याच षटकातल्या एखाद्या हुकलेल्या वाइडबद्दल कोणी चित्रफीत मागत नसे, हे आपल्या प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. नेब्रास्काचे प्रशिक्षक बो पेलिनी सामन्यानंतर प्रचंड संतापले होते आणि तो संताप समजण्यासारखा होता. नियम मात्र त्यांच्या बाजूने नव्हता.

मग मकॉयचा निर्णय चुकीचा होता का?

होय, चुकीचा होता. संघ जिंकला म्हणून तो बरोबर ठरत नाही.

उपलब्ध पर्याय पाहिले की हे स्पष्ट होते. पहिला पर्याय असा होता की घड्याळ तीन-चार सेकंदांपर्यंत उतरू द्यायचे, शिल्लक टाइमआउट घ्यायचा आणि किक मारायची. किक चुकली तर सामना संपला असता, परंतु तो धोका प्रत्यक्षात घडलेल्या घटनाक्रमातही तेवढाच होता. दुसरा पर्याय म्हणजे एखादी छोटी धाव घेऊन चेंडू मैदानाच्या मध्यावर आणायचा, दोन-तीन यार्ड मिळाले तर घ्यायचे आणि लगेच टाइमआउट मागायचा. तिसरा पर्याय प्रत्यक्षात निवडला गेला, तो म्हणजे पास टाकण्याच्या तयारीने खेळणे. त्यात मिळण्यासारखे होते काही यार्ड; गमावण्यासारखे होते सर्व काही. इंटरसेप्शन झाले असते, चेंडू हातातून सुटला असता, किंवा सॅक होऊन (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाऊन) किक आणखी सात-आठ यार्ड लांब गेली असती. त्या रात्री मकॉय नऊ वेळा सॅक झाला होता आणि त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले होते. अशा रात्री आणखी एकदा पासचा जुगार खेळणे हे धाडस ठरत नाही. तो हिशेबातला दोष ठरतो.

बरे, पासचा डावपेच ठरलाच होता, तरी चेंडू फेकायचा तर तो दोन पावलांवर, रेषेला चिकटून, जमिनीत मारायला हवा होता. उंच भिरकावलेला चेंडू हवेत जितका वेळ राहतो तितका वेळ घड्याळ खात राहतो. मकॉयने सॅक आणि इंटरसेप्शन हे दोन्ही धोके टाळले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तिसरा धोका घड्याळाचा होता आणि तो त्याने टाळला नाही. तो टळला तो एका सेकंदाच्या कृपेने.

येथे भारतीय प्रेक्षकांना एक उलटे उदाहरण आठवेल. २४ सप्टेंबर २००७ रोजी जोहान्सबर्गमध्ये ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला चार चेंडूंत सहा धावा हव्या असताना मिस्बाह-उल-हकने जोगिंदर शर्माचा चेंडू मागच्या बाजूला उचलला आणि तो श्रीशांतच्या हातात विसावला. तो फटका एक हात इकडे किंवा तिकडे पडला असता तर आज मिस्बाहच्या धैर्याचे गोडवे गायले गेले असते. मिस्बाहला निकालाने दोषी ठरवले आणि मकॉयला निकालाने सोडवले. दोघांच्याही निर्णयाची तपासणी चेंडू हातातून किंवा बॅटीवरून सुटण्यापूर्वीच्या क्षणावर थांबवली पाहिजे, आणि तशी थांबवली तर माझ्या मते मिस्बाहचा निर्णय मकॉयच्या निर्णयापेक्षा पुष्कळ समर्थनीय होता.

दोष खेळाडूचा की प्रशिक्षकांचा?

दोघांचा, पण सारखा नाही. टाइमआउट हाताशी असताना घड्याळ सात-आठ सेकंदांवर येईपर्यंत चालू देणे आणि त्यानंतर पासचा डावपेच खेळू देणे, ही मुख्यतः टेक्सासचे मुख्य प्रशिक्षक मॅक ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांची जबाबदारी होती. क्वार्टरबॅकने किती उंच आणि किती लांब फेकावे, हे मात्र बाहेर उभे राहून कोणी ठरवू शकत नाही. चार वर्षे संघाची सूत्रे सांभाळलेल्या खेळाडूकडून घड्याळाचे भान अपेक्षित असते.

त्या रात्री मकॉयची कामगिरी खरोखर एवढी वाईट होती का?

आकडे वाईटच आहेत: ३६ पैकी २० पास अचूक, १८४ यार्ड, एकही टचडाउन पास नाही, तीन इंटरसेप्शन. टेक्सासचा सामन्यातला एकमेव टचडाउन त्यानेच धावून केला, याचा उल्लेख सहसा राहून जातो.

मात्र समोर कोण उभे होते, हे विसरून हे आकडे वाचणे अन्यायाचे होईल. नेब्रास्काचा डिफेन्सिव्ह टॅकल एन्डामुकन सू याने त्या एका सामन्यात साडेचार सॅक केले (सॅकमध्ये दोघांचा वाटा असला की प्रत्येकाच्या नावावर अर्धा लिहितात) आणि बारा टॅकल (चेंडू असलेल्या खेळाडूला पाडणे) नोंदवले. बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्या, दोन-दोन अडवणाऱ्यांना अंगावर घेणाऱ्या खेळाडूसाठी साडेचार सॅक हा आकडा जवळजवळ अविश्वसनीय आहे. मकॉय एका डावपेचात हवेत भिरकावल्यासारखा फेकला गेला, ते दृश्य पाहिलेल्यांना आजही आठवते. टेक्सासची अडवणारी फळी कोलमडली होती आणि त्याची किंमत क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिली गेली.

तो सेकंद परत मिळाला नसता तर काय झाले असते?

टेक्सासचा राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यातला प्रवेश हुकला असता. त्या दिवशी सिनसिनाटीने पिट्सबर्गला ४५-४४ असे हरवून अपराजित मोसम पूर्ण केला होता. टीसीयू आणि बॉइसी स्टेट हे संघही अपराजित होते. त्यांपैकी एखाद्याला अजिंक्यपदाच्या सामन्यात अलाबामासमोर उभे राहण्याची संधी मिळाली असती. मकॉयच्या हाइझमनच्या मतांत मात्र मोठी घसरण झाली असती, एवढेच म्हणता येते, आणि तो तसाही जिंकला नाही.

या सामन्यामुळे मकॉयची हाइझमन हुकली का?

या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतो आणि त्यात आकड्यांचा वापर सर्वात कमी केला जातो. म्हणून आधी आकडे पाहू. अलाबामाचा रनिंग बॅक मार्क इंग्रम १,३०४ गुणांनी जिंकला. स्टॅनफर्डचा टोबी गरहार्ट १,२७६ गुणांनी दुसरा, मकॉय १,१४५ गुणांनी तिसरा, सू ८१५ गुणांनी चौथा आणि फ्लोरिडाचा टिम टीबो ३९० गुणांनी पाचवा आला. पहिल्या दोघांतील २८ गुणांचा फरक हा तोवरच्या इतिहासातील सर्वात कमी फरक होता. त्याआधीचा विक्रम १९८५ चा, बो जॅक्सन आणि चक लाँग यांच्यातील ४५ गुणांचा.

मकॉय इंग्रमपेक्षा १५९ गुणांनी मागे होता. ऐकायला हा फरक मोठा वाटतो. समजा एखाद्या मतदाराने इंग्रम पहिला, गरहार्ट दुसरा आणि तिसरा कोणी भलताच असे लिहिले होते. त्याने त्याऐवजी मकॉय पहिला, इंग्रम दुसरा आणि गरहार्ट तिसरा असे लिहिले असते, तर मकॉयचे तीन गुण वाढले असते आणि इतर दोघांचा प्रत्येकी एक गुण कमी झाला असता. म्हणजे एका मतपत्रिकेमागे दोघांशीही चार गुणांचे अंतर कमी. असे चाळीस मतदार पुरेसे होते. मतपत्रिका सुमारे नऊशे होत्या. शंभरात पाच मतदारांनीही मत बदलण्याची गरज नव्हती.

आता दुसरी बाजू. मकॉयला पहिल्या पसंतीची २०३, दुसऱ्या पसंतीची १८८ आणि तिसऱ्या पसंतीची १६० मते मिळाली. यांची बेरीज ५५१ होते. याचा अर्थ, साडेतीनशेच्या आसपास मतदारांनी त्याचे नाव पहिल्या तिघांतही लिहिले नाही. इंग्रमचे नाव ६१४ मतपत्रिकांवर होते आणि गरहार्टचे ६०७ वर. पहिल्या पसंतीच्या मतांत फरक अगदी थोडा होता (२२७, २२२ आणि २०३). मकॉय मागे पडला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीत, आणि त्याचे नाव ज्यांनी पूर्णपणे वगळले त्यांच्यामुळे. एखादा फेकलेला चेंडू अशी शिक्षा देत नाही. नऊ सॅक, तीन इंटरसेप्शन आणि संपूर्ण संध्याकाळभर चाचपडणारे आक्रमण अशी शिक्षा देते. शिवाय त्याच दिवशी, काही तासच आधी, इंग्रमने पहिल्या क्रमांकावरील फ्लोरिडाविरुद्ध ११३ यार्डांच्या धावा आणि तीन टचडाउन केले होते आणि अलाबामाने ३२-१३ असा एकतर्फी विजय मिळवला होता. मतदारांनी दुपारी इंग्रम पाहिला आणि रात्री मकॉय पाहिला. त्यानंतर मतपत्रिका हाती घेतलेल्या माणसाने काय लिहावे?

म्हणून माझे उत्तर असे आहे: त्या रात्रीने ट्रॉफी घालवली असणे पूर्णपणे शक्य आहे, पण त्या सेकंदाने घालवली नाही. सेकंद आणि चेंडू हा भाग वगळून उरलेली एकोणसाठ मिनिटे पाहिली तरी मते तशीच पडली असती.

२००८ मध्ये त्याचा दावा अधिक बळकट नव्हता का?

माझ्या मते निःसंशय होता, आणि या साऱ्या वादात चाहत्यांनी चुकीच्या वर्षावर जोर दिला आहे.

२००८ मध्ये ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड १,७२६ गुणांनी जिंकला, मकॉय १,६०४ गुणांनी दुसरा आला आणि टीबो १,५७५ गुणांनी तिसरा. पहिल्या पसंतीची सर्वाधिक, ३०९, मते टीबोला होती. ब्रॅडफर्डला ३०० आणि मकॉयला २६६. ब्रॅडफर्डने मोसमात ५० टचडाउन पास दिले, ही गोष्ट कोणालाही नाकारता येणार नाही. मात्र ११ ऑक्टोबरला डॅलसमध्ये हे दोघे समोरासमोर आले तेव्हा टेक्सासने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरवले होते. मकॉयने त्या सामन्यात ३५ पैकी २८ पास अचूक दिले होते आणि पुढच्याच आठवड्यात मिसुरीविरुद्ध ३२ पैकी २९.

मग अडले कुठे? तर तेही एका सेकंदावरच. १ नोव्हेंबरला लबक येथे टेक्सास टेकविरुद्ध टेक्सासने मोठ्या पिछाडीवरून येऊन ३३-३२ अशी आघाडी घेतली होती. दीड मिनिटाहून कमी वेळ उरला होता. टेक्सासच्या बचावपटूच्या हातात आलेला चेंडू सुटला, आणि त्याच्या पुढच्याच डावपेचात ग्रॅहम हॅरलचा पास मायकेल क्रॅबट्रीने झेलला, तो सीमारेषेलगत निसटला आणि टचडाउन झाले तेव्हा घड्याळात एक सेकंद बाकी होता. निकाल ३९-३३. त्या वेळी मकॉय मैदानाबाहेर, बाकावर होता.

त्यानंतर टेकला ओक्लाहोमाने ६५-२१ असे हरवले आणि तिघांचीही पाटी एकेका पराभवाने बरोबरीत आली: टेक्सासने ओक्लाहोमाला, टेकने टेक्सासला आणि ओक्लाहोमाने टेकला हरवलेले. पेच सुटला तो बीसीएस क्रमवारीने (अजिंक्यपदाच्या सामन्याचे संघ ठरवणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीने). त्यात ओक्लाहोमा थोड्या फरकाने पुढे होता, म्हणून कॉन्फरन्सचा अंतिम सामना खेळायला ओक्लाहोमा गेला, तेथे त्याने मिसुरीला ६२-२१ असे हरवले आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात देशभर ब्रॅडफर्ड दिसला. मकॉय त्या शनिवारी घरी होता. टेक्सासच्या चाहत्यांनी ४५-३५ या आकड्यांची घोषणाच केली आणि ती विद्यापीठाच्या ऑस्टिन शहरात नव्याने शिकायला आलेल्या मराठी मुलांनाही पहिल्या महिन्यातच पाठ होत असे, मग त्यांना टचडाउनचे गुण किती हे ठाऊक असो वा नसो.

खेळाडूचे वैयक्तिक मूल्यमापन करणारा पुरस्कार एका क्रमवारीच्या अपूर्णांकाने आणि एका सुटलेल्या झेलाने किती हलतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

सू एवढा प्रभावी होता, तर त्यालाच का मिळाली नाही?

बचावपटूंना ही ट्रॉफी जवळजवळ मिळतच नाही. त्याआधी मुख्यतः बचावात खेळणारा एकच विजेता झाला होता, तो म्हणजे १९९७ चा मिशिगनचा चार्ल्स वुडसन, आणि तोही किक परतवणे व अधूनमधून आक्रमणात खेळणे यांमुळे मतदारांच्या नजरेत भरला होता. सूला १६१ मतदारांनी पहिली पसंती दिली आणि असोसिएटेड प्रेसने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. सूने मकॉयला मैदानावर साडेचार वेळा पाडले. मतपत्रिकेवर किती वेळा पाडले, हे मोजता येत नाही, पण १६१ या आकड्याकडे पाहिले की वर काढलेला चाळीस मतदारांचा आकडा लहान वाटू लागतो.

अखेरच्या क्षणांत मकॉय कच्चा होता, हा आरोप खरा आहे का?

नाही. ५ जानेवारी २००९ रोजी फिएस्टा बाउलमध्ये ओहायो स्टेटने शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत २१-१७ अशी आघाडी घेतल्यानंतर मकॉयने संघाला मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेले आणि १६ सेकंद बाकी असताना क्वान कॉस्बीला २६ यार्डांचा टचडाउन पास देऊन सामना २४-२१ असा जिंकून दिला. ती चढाई घड्याळ कसे सांभाळावे याचा नमुना होती. परंतु ती मतदान संपल्यानंतर झाली, म्हणून तिचा २००८ च्या ट्रॉफीसाठी उपयोग नव्हता, आणि अकरा महिन्यांनी मतदारांच्या डोळ्यांसमोर आर्लिंग्टन होते.

राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यातील दुखापतीचा पुरस्कारावर परिणाम झाला का?

नाही. ७ जानेवारी २०१० रोजी पॅसाडिना येथे अलाबामाविरुद्ध पहिल्याच चढाईत मार्सेल डॅरियसच्या टॅकलने मकॉयच्या उजव्या खांद्याजवळची नस दुखावली आणि तो परत खेळू शकला नाही. टेक्सास ३७-२१ असा हरला. ट्रॉफी त्यापूर्वी जवळजवळ चार आठवडे इंग्रमच्या घरी पोहोचली होती.

त्याला दुसरे पुरस्कार मिळाले का?

भरपूर मिळाले. २००९ साठी मॅक्सवेल पुरस्कार, डेव्ही ओब्रायन पुरस्कार आणि जॉनी युनायटस गोल्डन आर्म पुरस्कार त्याला मिळाले, तर वॉल्टर कॅम्प पुरस्कार २००८ आणि २००९ असा सलग दोनदा मिळाला. एकाच मोसमात मॅक्सवेल आणि वॉल्टर कॅम्प मकॉयला, असोसिएटेड प्रेसचा सन्मान सूला आणि हाइझमन इंग्रमला, अशी वाटणी झाली. चारही ठिकाणी तोच मोसम पाहिला गेला होता. ज्यांना हाइझमनचा कौल अंतिम सत्य वाटतो त्यांनी ही यादी जवळ ठेवावी.

या खेळाशी परिचय नसलेल्या प्रेक्षकाने ती शेवटची चढाई पाहायची झाल्यास काय पाहावे?

चेंडू पाहू नये. पहिल्यांदा पाहताना सगळे चेंडूच पाहतात आणि मग किकवर थांबतात. दुसऱ्यांदा पाहताना चित्राच्या कोपऱ्यातील घड्याळ पाहावे: २६ यार्ड रेषेवर चेंडू आला तेव्हा किती वेळ होता, प्रत्येक डावपेचानंतर किती सेकंद नुसते वाहून गेले आणि शेवटच्या स्नॅपपूर्वी टेक्सासच्या बाकावर किती शांतता होती. तिसऱ्यांदा पाहताना मकॉयचा हात पाहावा. चेंडू सुटतो त्या क्षणी चित्र थांबवावे आणि घड्याळात किती आकडा आहे तो वाचावा.